नको ते खोडावे

आमच्या मंडईला लिफ्ट आहे. बसवल्यापासून ती बंद आहे आणि आत कोणीतरी कांद्याची रिकामी पोती कोंबून ठेवली आहेत, पण आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना लोक कौतुकानं सांगतात, आमच्याकडे भाजीबाजारालासुद्धा लिफ्ट आहे म्हणून. असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. शेवळांची रानभाजी विकणाऱ्या बाईला लिफ्ट कशाला हवी होती? तिला भिंतीला टेकून बसायला तीन फूट जागा हवी होती, आणि ती तिच्याकडे होती. तिच्या सासूपासून होती. ती जागा गेली. ती घालवण्यात कचेरीचा हात होता, बिल्डरचा होता, आमच्या कॉलनीतल्या शहाण्यांचा होता आणि माझा होता. बाकीच्यांचे हात दाखवता येत नाहीत. माझा कागदावर आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लालबागची खोली सोडून वसईला फ्लॅट घेतला. यजमान बँकेत, ते रोज मुंबईला जात. मला इथल्याच एका शाळेत नोकरी मिळाली, आठवी ते दहावीला मराठी शिकवायची. फ्लॅटमध्ये नळ होते आणि पाणी टँकरनं यायचं. खिडकीतून भाताची खाचरं दिसायची, ती दर वर्षी एकेक करून बुजत गेली. कॉलनीच्या दाराशी भाजीची हातगाडी यायची, पण तिच्यावरचा माल मुंबईच्या घाऊक बाजारातला, दोन दिवसांचा शिळा. वसईत राहून मुंबईची भाजी खायची हे मला पटत नव्हतं. म्हणून शाळा सुटली की तशीच एसटी पकडून मी गावातल्या जुन्या बाजारात जायचे.

बाजार काही थाटामाटाचा नव्हता. एक लांबट बोळ. तोंडाशी मासळीची शेड, मग पापडी गावाकडच्या वाड्यांमधून केळी, पडवळ, अळूची पानं आणि फुलं घेऊन येणाऱ्या ख्रिस्ती बायका, त्यांच्यासमोर कांदे-बटाटेवाले, आणि अगदी शेवटी एका बंद गोदामाच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या नऊ बायका. या चिंचोटी-कामणच्या बाजूच्या. पहाटेच्या एसटीनं यायच्या, टोपल्यांवरून कंडक्टरशी भांडत. बाजारात त्यांना 'भिंतीकडच्या' म्हणत. त्यांतली कोपऱ्यातली, नळाशेजारची, ती माझी मावशी. आमची ओळख भांडणातूनच झाली.

पहिल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तिच्यापुढे शेवळं दिसली, जांभळट कोंबांच्या जुड्या. ही भाजी मी फक्त ऐकून होते. घेतली. तिनं जुडीबरोबर आवळ्याएवढी मूठभर हिरवी फळं माझ्या पिशवीत टाकली. मला वाटलं, वर म्हणून काहीतरी दिलं. घरी येऊन ती फळं मी फेकून दिली आणि भाजी केली. पहिल्याच घासाला घसा धरला. यजमान, मी आणि चव बघायला आलेल्या शेजारच्या वहिनी, तिघंही ताक पीत आणि खाकरत बसलो. दुसऱ्या दिवशी मी तणतणत बाजारात गेले.

"मावशी, तुमच्या भाजीनं घसा खाजून निघाला आमचा!"

तिनं मान वर न करता विचारलं, "काकडं दिलंती ती कुटं टाकलीस?"

"ती आंबट फळं?"

"ती काकडं! त्याबिगर शेवलां शिजवतान काय? बगा गो, मुंबयची आयली!" भिंतीकडच्या सगळ्या जणी खदखदून हसल्या. मी आधी चिडले आणि मग मलाही हसू आलं.

काकड हे रानातलं आंबट फळ, त्याच्या रसानं शेवळाची खाज मरते. शेवळाबरोबर काकडं द्यायचीच, हा तिचा नियम होता. त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि काकडं संपली की शेवळं उरलेली असली तरी ती टोपलीवर फडकं टाकायची. एकदा माझ्यासमोर एक गृहस्थ हटून बसले. आम्ही चिंच घालून करू, तू दे, हवं तर दुप्पट घे, म्हणाले. ती म्हणाली, "गला धरला तं नाव मना ठेवशील. उद्या ये." गृहस्थ पाय आपटत गेले. उरलेली शेवळं तिनं संध्याकाळी घरी परत नेली.

घरात काय शिजवायचं ते मी ठरवते असा माझा समज होता, तो तिनं वर्षभरात मोडून काढला. मी भेंडी मागितली की म्हणायची, "आता भेंडी? भेंडीचं दिस गेलं. मुंबयची मानसां बारा महिने भेंडीच खातान." मग तिच्यापुढे जे असेल ते पिशवीत. पावसात कंटोली, टाकळा, रानातली एकेक पालेभाजी, तिची नावं मला पाठ व्हायला तीन पावसाळे लागले. मग काकड्या आणि दोडके. थंडीत वालाच्या शेंगा. उन्हाळ्यात जांभळं, ताडगोळे आणि करवंदं. करवंदं घ्यायला गेलं की आधी एक हातावर ठेवायची आणि विचारायची, "कोंबडा का कोंबडी?" चावून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा. चाळिशीला आलेली मराठीची शिक्षिका भर बाजारात जीभ लाल करून कोंबडा-कोंबडी खेळायची. मला कोणाची लाज वाटत नव्हती.

आठवड्यातले पाच-सहा दिवस ती असायचीच. गावात लग्न असेल किंवा भाताची लावणी असेल तर दोन दिवस खाडा, आणि त्या दिवशी तिच्या जागेवर शेजारणीनं एक रिकामी टोपली पालथी घालून ठेवलेली. टोपली पालथी असली की तिथं दुसरं कोणी बसत नसे. लिहिलेलं कुठे काही नव्हतं. सगळ्या बाजाराला ते माहीत होतं.

मग कॉलन्या वाढल्या. बोळात स्कूटरी शिरायला लागल्या आणि स्कूटरवरून न उतरता भाजी मागणारे आले. त्यांना वास यायचा, चिखल लागायचा, रहदारीला अडथळा व्हायचा. आमच्या सोसायटीच्या सभेत एकानं ठराव मांडला की बाजार 'आधुनिक' व्हावा. सगळ्यांनी हात वर केले. खोटं कशाला बोलू, मीही केला. पावसात मावशी निळ्या प्लास्टिकखाली गुडघे पोटाशी घेऊन बसायची ते मला बघवत नव्हतं. तिला पक्का ओटा मिळेल, वर छप्पर असेल, असं माझ्या डोळ्यांपुढे होतं. कॉलनीतल्या बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला पुढे कळलं. त्यांना बाजार हवा होता, बाजारातली माणसं नको होती.

दोन हजार सालानंतर कधीतरी बाजाराची मोजणी निघाली. कचेरीचं नाव लिहीत नाही, तिथं आता वेगळी माणसं बसतात. एक कारकून पिशवीत फॉर्म घेऊन आला, प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवला आणि म्हणाला, आठ दिवसांत भरून द्या, फॉर्म नाही तर ओटा नाही. कांदे-बटाटेवाल्यांची मुलं कॉलेजात जाणारी, त्यांचे फॉर्म त्याच संध्याकाळी भरून झाले. भिंतीकडच्या नऊ जणी कागद उलटासुलटा करत बसल्या. मी गेले तेव्हा मावशी त्यांना ऐटीत सांगत होती, "कोनाला नको इचारू. माजी मास्तरीन हाय."

माझी मास्तरीण. हे दोन शब्द ऐकून मी इतकी फुगले की विचारू नका.

शनिवारी दुपारी मी केळ्यांच्या पालथ्या खोक्यावर बसले. शाळेतून निळ्या शाईचं पेन आणि पट्टी घेऊन गेले होते. नऊ जणी माझ्याभोवती उकिडव्या. कोणीतरी चहा सांगितला. नाव, गाव, वय. वय एकीलाही माहीत नव्हतं. "लिव तुज्या मनान," म्हणायच्या आणि एकमेकींना टाळ्या द्यायच्या. कधीपासून बसता? मावशी म्हणाली, सासू गेली त्याच्या आदल्या सालापासून. मी हिशेब करून अंदाजानं साल लिहिलं. मग तो रकाना आला. विक्रीचे स्वरूप: कायम / हंगामी. खाली कंसात, नको ते खोडावे.

"काय विकता, मावशी?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण मुलाखत घेतल्यासारखं मला छान वाटत होतं.

"काय इकते? तुना ठावं नाय? जो हंगाम त्यो माल. हंगामाबिगर मी कायेक इकत नाय." हे तिनं मान ताठ करून सांगितलं. बाकीच्या आठ जणींनी माना डोलावल्या.

मला ते वाक्य फार आवडलं. आवडलं म्हणून घात झाला. 'कायम' म्हणजे ते समोरचे, बारा महिने तोच कांदा आणि तोच बटाटा. आणि 'हंगामी' म्हणजे ही माझी मावशी, जिला पाऊस, थंडी, ऊन सगळं टोपलीत आणता येतं. मी 'कायम'वर पट्टी ठेवली आणि तो शब्द एका सरळ रेघेत खोडला. नऊ फॉर्मवर नऊ रेघा. एकही वाकडी नाही. मावशीनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उठवला आणि पदराला पुसला. जाताना मला तिनं वालाच्या शेंगा दिल्या, पैसे घेतले नाहीत.

तीन-चार महिन्यांनी यादी लागली. कचेरीच्या आत, जिन्याखालच्या फळ्यावर. म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तिथं जाऊन काय बघायचं, हा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता. मावशी म्हणाली, "बाय, माजा ओटा कितवा ता बगून ये." मी गेले. यादी वरून खाली वाचली, मग बोट ठेवून वाचली. कांदेवाले होते. बटाटेवाल्याचे दोन भाऊ होते, त्यांतला एक तर कधी बाजारात बसलेला मी पाहिला नव्हता. पापडीकडच्या बहुतेक बायका होत्या. भिंतीकडची एकही नव्हती.

आतल्या टेबलावर तोच कारकून होता. मी आवाज चढवूनच विचारलं. तो मात्र अगदी शांतपणे फाइल काढून आला. असल्या शांत माणसांचा मला फार राग येतो.

"हंगामीला ओटा नाही, बाई. हंगामी म्हणजे कोण, चार दिवस आंबे घेऊन येतात आणि जातात, ते. त्यांना सीझनपुरती रोजची पावती."

"अहो, पण या बायका बाराही महिने येतात!"

"मग तसं लिहायचं ना."

"माल हंगामी आहे, बाई कायम आहे! एवढं कळत नाही तुम्हाला?"

त्यानं फॉर्म माझ्याकडे फिरवला. "इथं काय खोडलंय?" आणि बाकीचे फॉर्म चाळत म्हणाला, "अक्षर सुंदर आहे. कोणी भरले हे?"

"मी."

"मग?" तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मी स्वतःला शिव्या घालत बसले होते. मी मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ संदर्भानं ठरतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि दुसऱ्या कोणाला नाही तरी मला तो अर्थ ठाऊक असायला हवा होता. मी स्वतः शाळेत पहिली दोन वर्षं हंगामी शिक्षिका होते. दर एप्रिलला घरी बसवत, जूनला परत बोलावतील की नाही त्याची खात्री नसे. कायम झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी पेढे वाटले होते. कचेरीच्या कागदावर 'हंगामी' म्हणजे काय, ते मी अंगावर काढलं होतं. मला ते कायम झाल्यावर विसरायला झालं. पोट भरलं की माणसाला भुकेचा शब्दही आठवत नाही.

हरकतीची मुदत म्हणे सात दिवसांची होती, ती मी जायच्या आधीच संपलेली. तरी मी नऊ दुरुस्ती अर्ज लिहिले. आवक शिक्का मारून घेतला. चार खेपा घातल्या. वरच्या साहेबांनी सांगितलं, नियम वरून येतात. एका पुढाऱ्याच्या घरी गेले तर त्यांनी सोफ्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, तुमच्यासारखे सुशिक्षित लोक समाजासाठी धडपडतात हे बघून बरं वाटतं." काम सोडून सगळं दिलं त्यांनी. यजमान म्हणाले, "तू एवढी का लावून घेतेस? त्यांना सवय असते." मी त्या रात्री त्यांना वाढलं नाही. स्वतः घ्या म्हटलं.

पण खरा भेकडपणा मी बाजारात केला. मावशीनं विचारलं, कितवा ओटा? मी म्हटलं, त्यांनी तुमची नावंच घातली नाहीत.

"का नाय घातली?"

"त्यांचं तसंच असतं, मावशी. चोर आहेत सगळे."

चोर होतेच. बटाटेवाल्याच्या भावाचं नाव काय आकाशातून पडलं होतं? पण तिनं विचारलं होतं वेगळंच, आणि त्याचं उत्तर मी गिळलं. तिनं 'बरं' म्हटलं आणि कंटोली तोलायला घेतली.

पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा नेहमीसारखं कोणी हसलं नाही. मावशीच्या शेजारची म्हातारी एकदम म्हणाली, "बाय, हिचा जावय कचेरीन गेलता. रेग तूच मारलीस ना?"

मी काही बोलायच्या आत मावशी तिच्यावर खेकसली. "गप ऱ्हा. तिनं आपल्या चांगल्यासाटीच केला." आणि मला म्हणाली, "तू भाजी घे. बस चुकंल तुजी."

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारीसारखं तोंडावर विचारलं असतं तरी चाललं असतं. मी चुकलं म्हणून सांगायला तोंड उघडलं तर तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला सुरुवात केली. त्यानंतरही ती मला शेवळांबरोबर काकडं मोजून द्यायची, पण मुंबयची म्हणून चिडवणं बंद झालं. करवंद हातावर ठेवणंही बंद झालं. मी ते मागू शकत नव्हते.

गोदामाची भिंत एका सकाळी बिल्डरच्या जेसीबीनं पाडली. नव्या मंडईची इमारत उभी राहीपर्यंत सगळा बाजार रस्त्याच्या कडेला होता, तेव्हा नऊ जणीही त्यातच खपून गेल्या. इमारत झाली, फीत कापली, ओटेवाले आत गेले, आणि बाहेर राहिल्या त्या फक्त ह्या. तेव्हापासून त्यांचं नाव अतिक्रमण झालं. जाळी लावलेली गाडी यायची आणि टोपल्या उचलून न्यायची. एकदा माझ्यासमोर त्यांनी मावशीची करवंदं रस्त्यात ओतली. मी मध्ये पडले, ओरडले, नंबर लिहून घेते म्हटलं. गाडीवरचा एक जण मला म्हणाला, "आंटी, बाजूला व्हा, लागेल." लोक उभे राहून बघत होते. त्यांत माझ्या सोसायटीचे, बाजार आधुनिक व्हावा म्हणणारे, दोघे होते. करवंदांवरून एक रिक्षा गेली. मावशी पदर खोचून उरलेली गोळा करत होती, मी खाली बसून तिला मदत करायला लागले तर म्हणाली, "राहू दे. साडी खराब होल."

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत नऊच्या तीन झाल्या. मग एक दिवस मावशीही दिसेना. पालथी टोपलीही नव्हती. तिची जागा सांभाळायला जागाच उरली नव्हती.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो आधुनिक बाजार? वरच्या मजल्यावर भाजी घ्यायला कोणी चढलं नाही. तिथले ओटे मिळालेल्या पापडीकडच्या बायका दोन वर्षं माशा मारत बसल्या आणि घरी गेल्या. तिथं आता शिकवणीचे वर्ग चालतात. खालच्या ओट्यांवर मोबाइलची कव्हरं आणि प्लास्टिकच्या बादल्या. कांदेवाले तेवढे आहेत. परवा ऐकलं, ही इमारतही पाडून मोठी करणार आहेत, बाजार तळघरात आणि वर ऑफिसं. म्हणजे पुन्हा मोजणी, पुन्हा फॉर्म. या खेपेला कांदेवाल्यांनाही कळेल कायम म्हणजे किती दिवस.

स्टेशनजवळ काचेचं मोठं दुकान निघालं आहे, तिथं गेल्या जूनमध्ये मला शेवळं दिसली. थर्माकोलच्या ताटलीत, वर प्लास्टिकचा कागद आणि भावाचं लेबल. काकडं नव्हती. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, याच्याबरोबरची काकडं कुठे आहेत? ती म्हणाली, "ककडी उधर है मॅडम, सॅलडवाले में." मी तिला पाच मिनिटं झापलं. बिचारीचा काय दोष होता त्यात? पण मागे रांगेत उभं राहून घड्याळ बघणाऱ्या त्या सगळ्यांच्या घशाला खाज सुटावी असं मला मनापासून वाटलं. अजूनही वाटतं.

मावशी मला त्यानंतर एकदाच भेटली. मुलाच्या डोमिसाइलच्या दाखल्यासाठी मी तहसील कचेरीत गेले होते. आवारात छत्र्यांखाली टेबलं टाकून अर्जनवीस बसतात. त्यांतल्या एकासमोरच्या रांगेत ती उभी होती. वाळली होती, पण उभं राहणं तसंच ताठ. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची नात. तिनं मला ओळखलं, हसली, मुलाचं विचारलं. नातीला नर्सिंगला घालायचं होतं, उत्पन्नाचा दाखला हवा होता. हातात कोरा फॉर्म होता.

"आणा इकडे," मी म्हटलं. "मी भरते. त्याला पैसे कशाला देता?" माझं पेन पर्समधून निघालंसुद्धा होतं.

तिनं फॉर्म दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"नको, बाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्यो लिवलेला वाचून दाखवतय."

तिचा नंबर आला. मी तिथंच चार पावलांवर उभी राहिले. त्या माणसानं विचारून विचारून रकाने भरले आणि मग कागद वर धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. ती मान एका बाजूला करून ऐकत होती. एका शब्दापाशी तिनं हात वर करून त्याला थांबवलं. तो शब्द कोणता ते मला ऐकू आलं नाही. त्यानं तिला अर्थ सांगितला, तिनं तो नातीला पुन्हा विचारून घेतला, आणि मगच अंगठा पुढे केला.